बंब येईपर्यंत : दिवाळीतली आग आणि घरची तयारी

दिवाळीत लागणारी आग बहुतेक वेळा लहान असते. कढईत पेटलेले तेल, पणतीला लागलेला पडदा, गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन पडलेला बाण, सैल प्लगमधून उडालेली ठिणगी अशी तिची सुरुवात होते. पहिल्या मिनिट-दीड मिनिटात ती झाकणाने, बादलीभर पाण्याने किंवा मेन स्विच बंद करून आटोक्यात येऊ शकते. तेवढा वेळ हातातून गेला, की पडद्यावरून ती सोफ्यावर, सोफ्यावरून छताच्या सजावटीवर चढते आणि खोली धुराने भरते. वर्दी मिळताच अग्निशमन दलाचे जवान लगेच निघतात. तरीही सणाची गर्दी, पेठेतली अरुंद गल्ली आणि सोसायटीच्या फाटकासमोर लावलेल्या पाहुण्यांच्या गाड्या ओलांडून यायला त्यांना वेळ लागतोच. बंब दारात येईपर्यंतची मिनिटे घराची असतात. अग्निशमन दले दर दिवाळीला ज्या सूचना देतात, त्यांचा हेतू ही मिनिटे घराला नीट वापरता यावीत, किंबहुना त्यांची वेळच येऊ नये, हा असतो.

एरवीच्या दिवसांत एका घरात उघडी ज्योत फार तर देव्हाऱ्यात आणि शेगडीवर असते. दिवाळीत ती उंबरठ्यावर, खिडकीत, जिन्यात आणि तुळशीपाशी येते. शेगडी तासन्‌तास चालू राहते, एका बोर्डावर चार उपकरणे लागतात, घरात फटाक्यांचे खोके येते आणि अंगावर झिरझिरीत, घोळदार कपडे असतात. घरातली मोठी माणसे फराळ, पाहुणे आणि खरेदी यांत गुंतलेली असतात, त्यामुळे लहान मुलांवरची नजर नेमकी याच दिवसांत कमी होते.

आग कशावर जगते

आगीला तीन गोष्टी लागतात : जळणारी वस्तू, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन. यातली एक काढून घेतली की आग विझते. गॅस बंद करणे म्हणजे इंधन तोडणे, पाणी मारणे म्हणजे उष्णता काढणे आणि झाकण घालणे म्हणजे हवा अडवणे. कुठल्या आगीत काय काढायचे, हे आधीच ठाऊक असले पाहिजे. लाकूड, कागद, कापड यांच्या आगीवर पाणी चालते. पेटलेल्या तेलावर ते चालत नाही, कारण पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाते आणि तिथल्या उष्णतेने क्षणात त्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते. ही वाफ पेटते तेल थेंबाथेंबांनी छतापर्यंत उडवते. विजेच्या आगीवर पाणी मारले, तर त्याच पाण्यातून मारणाऱ्यालाच धक्का बसू शकतो.

बंद घरातल्या आगीत ज्वाळेपेक्षा धूर जास्त माणसे मारतो. फोम, प्लॅस्टिक, रंग आणि कृत्रिम कापड जळताना विषारी वायू बाहेर पडतात, आणि माणूस ज्वाला जवळ येण्याआधीच बेशुद्ध होतो. त्यामुळे आग विझवण्याइतकेच, वेळेवर बाहेर पडणेही महत्त्वाचे आहे.

फराळाचे स्वयंपाकघर

चकली, शंकरपाळे, करंजी, शेव यांचे तळण साधारण १७० ते १९० अंश सेल्सियसला होते. कढई शेगडीवर ठेवून माणूस दार उघडायला किंवा फोन घ्यायला गेला, की तेल तापतच राहते. आधी त्यातून निळसर धूर निघतो. हीच धोक्याची खूण. त्यापुढे, सुमारे ३५० अंशांच्या आसपास, बाहेरची ज्योत न लागताही तेल स्वतःहून पेट घेते. धूर दिसताच गॅस बंद करणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

तेल पेटलेच, तर गॅसचा खटका बंद करावा आणि कढईपेक्षा मोठे सपाट झाकण किंवा परात आपल्या बाजूने पुढे सरकवत कढईवर ठेवावी. झाकण वरून आदळले, तर तेल उसळते. खटक्यापर्यंत हात जात नसेल, तर आधी झाकण घालावे. कढई उचलून मोरीकडे किंवा बाहेर नेऊ नये. तेल सांडून आग अंगावर आणि जमिनीवर पसरते. झाकण निदान अर्धा तास काढू नये, कारण तेल तापलेले असेल तर हवा मिळताच ते पुन्हा पेटते. म्हणून तळणाला बसतानाच योग्य मापाचे झाकण हाताशी ठेवावे. कढईची दांडी किंवा कान ओट्याच्या कडेबाहेर येऊ देऊ नये, आणि तळण चालू असताना लहान मुलाला ओट्याजवळ फिरकू देऊ नये. जमिनीवर शेगडी मांडून मोठ्या प्रमाणात फराळ करण्याची रीत अनेक घरांत आहे. तिथे शेगडीभोवती रांगत्या मुलाला येता येणार नाही असा आडोसा हवा.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस द्रवरूपात असतो. द्रवातून वायू होताना त्याचे आकारमान सुमारे अडीचशे पट वाढते, आणि हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोहोचले तरी ठिणगीने तो पेटू शकतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यावर जमिनीलगत, ओट्याखाली आणि मोरीत साचतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू मात्र हवेपेक्षा हलका असतो आणि छताशी गोळा होतो. मूळच्या गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. वास आला, तर दिव्याचे बटण चालू करू नये आणि बंदही करू नये, कारण दोन्ही वेळा आत ठिणगी पडते. एक्झॉस्ट पंखाही लावू नये. ज्योती विझवाव्यात, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सगळ्यांनी बाहेर पडावे आणि बाहेर आल्यावर १९०६ या क्रमांकावर फोन करावा. पाइप गॅस असेल, तर बिलावर छापलेला कंपनीचा आपत्कालीन क्रमांक वापरावा.

फराळाला हात घालण्यापूर्वी चार गोष्टी पाहून घ्याव्यात. सिलिंडर उभा असावा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावी. रबरी नळी मान्यताप्राप्त सुरक्षा नळी असावी, तिला भेगा नसाव्यात आणि तिच्यावर छापलेली मुदत संपलेली नसावी. ही नळी साधारण पाच वर्षांनी बदलायची असते. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, ते पाहावे. काडी पेटवून गळती कधीही तपासू नये. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ती त्याच्या चाचणीची मुदत असते. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ एप्रिल ते जून, ‘सी’ जुलै ते सप्टेंबर, ‘डी’ ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आकडे म्हणजे वर्ष. मुदत उलटलेला सिलिंडर घरात घेऊ नये.

नळीच्या तोंडाशी गॅस पेटला असेल आणि रेग्युलेटरपर्यंत हात सुरक्षितपणे पोहोचत असेल, तर तो बंद करणे हाच खरा उपाय. गॅस चालू ठेवून नुसती ज्वाला विझवली, तर न जळलेला वायू खोलीत साचतो आणि पुढे त्याचा भडका उडतो. हात पोहोचत नसेल, तर घर रिकामे करून अग्निशमन दलाला बोलावावे.

पहाटेचे अभ्यंगस्नान

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातल्या सगळ्यांची आंघोळ एकापाठोपाठ होते. थंडी असल्याने न्हाणीघराची खिडकी बंद असते आणि गॅस गीझर सलग चालतो. हवा कमी पडली, की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके जड होणे, मळमळणे, पायांतली ताकद जाणे ही त्याची लक्षणे. तोवर कडी काढण्याचेही त्राण उरत नाही. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवलेला असावा. आतच असेल, तर पाणी बादल्यांत भरून घेऊन तो बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला जावे. कोणी आत फार वेळ राहिले, तर हाक मारून पाहावी आणि उत्तर आले नाही तर दार तोडावे. बादलीतल्या विजेच्या रॉडने पाणी तापवले असेल, तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. पुढे थंडी वाढल्यावर बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्यातही हाच जीवघेणा धोका आहे.

पणती, समई आणि देव्हारा

पणती सपाट, न हलणाऱ्या जागी आणि शक्यतो थाळीत ठेवावी. पडदा, तोरण, कागदी सजावट आणि झुलती फुलमाळ तिच्यापासून तीन फूट तरी दूर असावी. खिडकीच्या पट्टीवर ठेवलेली पणती वाऱ्याने पडद्याला भिडते. जिन्याच्या पायरीवर ठेवलेली पणती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पदराला लागते. रांगोळीभोवती पणत्या मांडताना वाकणाऱ्या बाईचा पदर, मुलीची ओढणी आणि मोकळे केस यांची काळजी घ्यावी. नायलॉन, पॉलिस्टर, जॉर्जेट असे कापड पेटले की वितळून कातडीला चिकटते. सुती कापड जळते, पण चिकटत नाही. दिवे लावताना आणि फटाके उडवताना अंगासरशी बसणारे सुती कपडे घालावेत, पदर कमरेला खोचावा आणि केस बांधावेत.

देव्हारा लाकडी असेल, तर समईखाली धातूचे ताट आणि ज्योतीच्या वर मोकळी जागा हवी. जुन्या घरांत आणि चाळींत आणखी एक कारण अनेकदा दिसते : तेलाच्या वासाने आलेला उंदीर पेटती वात ओढून नेतो, आणि ती कपड्यांच्या गाठोड्यात किंवा रद्दीत जाऊन पडते. रात्रभर तेवणारा दिवा काचेच्या हंडीत किंवा जाळीच्या आत ठेवावा. घरात कोणी जागे नसेल, तर तो शांत करणेच बरे.

बाजारपेठेत हा धोका वाढतो. लक्ष्मीपूजन झाल्यावर अनेक दुकानांत दिवा तेवत ठेवून शटर ओढून घेतले जाते. आत कापड, कागद, खोकी, प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात. बाहेर सगळे फटाक्यांत रमलेले असतात. धूर शटरच्या फटीतून बाहेर येईपर्यंत आत माळ्यापर्यंत आग चढलेली असते. पूजेनंतर एक माणूस थांबवावा किंवा विजेवरचा दिवा लावावा. सुट्टीत गावी जाणाऱ्या कुटुंबांसाठीही नियम तोच : दिवा शांत, रेग्युलेटर बंद, फ्रीजची गरज नसेल तर मेन स्विच बंद आणि एक किल्ली शेजाऱ्याकडे. बंद घरातली आग उशिरा लक्षात येते आणि लोखंडी सेफ्टी डोअर तोडण्यात आणखी वेळ जातो.

माळा, कंदील आणि वायरिंग

एलईडीच्या माळेला वीज फार कमी लागते, त्यामुळे केवळ तिच्या भाराने आग लागत नाही. धोका असतो तो पातळ वायरीत, नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळलेल्या जोडात, दाराच्या किंवा खिडकीच्या फटीत चेपलेल्या वायरीत आणि प्लग नसताना भोकांत खुपसलेल्या उघड्या तारांत. परतीचा पाऊस कधी कधी दिवाळीपर्यंत रेंगाळतो; गॅलरीतला उघडा जोड तेव्हा भिजतो. माळ लावण्याआधी जमिनीवर उलगडून, दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून हात लावून पाहावी. वायर किंवा अडॅप्टर गरम लागला, तर ती वापरू नये. लोखंडी ग्रिलला माळ तारेने बांधू नये. इन्सुलेशन कापले गेले, की सारे ग्रिल प्रवाहित होते.

खरा भार घरातल्या इतर उपकरणांचा असतो, आणि त्याचा हिशोब सोपा आहे. भिंतीवरचे छोटे सॉकेट ६ अँपिअरचे असते. २३० व्होल्टला ते सुमारे १,३८० वॉट पेलते. त्यात एक्स्टेन्शन बोर्ड लावून १,००० वॉटची इस्त्री आणि ७५० वॉटचा मिक्सर एकदम चालवला, की भार १,७५० वॉट होतो. दिवे चालू राहतात, उपकरणेही चालतात, पण भिंतीतली वायर तापत जाते आणि तिचे आवरण मऊ पडते. शॉर्टसर्किट होते ते त्यानंतर. इंडक्शन शेगडी, गीझर, ओव्हन यांना १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेटच हवे. एमसीबी भार वाढल्यावर वीज तोडते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी प्रवाह जमिनीकडे किंवा माणसाच्या अंगातून जाऊ लागताच तोडते. घरात दोन्ही असाव्यात. एमसीबी वारंवार पडत असेल, तर मोठ्या क्षमतेची बसवणे किंवा फ्यूजमध्ये जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवणे आहे. तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलावून कारण शोधावे.

कागदी आकाशकंदिलात जुना पिवळा बल्ब लावू नये, कारण त्यातली बरीचशी वीज उष्णतेतच जाते. ५ ते ९ वॉटचा एलईडी पुरतो, आणि तोही कागदाला टेकू नये. आत ज्योत लावून आकाशात सोडले जाणारे उडते कंदील हा वेगळा प्रकार आहे. ते कुठे उतरतील यावर कोणाचा ताबा नसतो. झोपडपट्टीचे छप्पर, गवताची गंजी, विजेच्या तारा, काहीही त्यांच्या वाटेत येते. मुंबईत पोलीस मनाई आदेश काढून त्यांच्यावर बंदी घालतात.

विजेवरची दुचाकी आता अनेक घरांत आहे. तिची बॅटरी जिन्याखाली किंवा घराच्या दाराशी रात्रभर चार्ज करू नये. बॅटरी पेटली, तर विषारी धुराने बाहेर पडण्याची एकमेव वाट बंद होते.

फटाके

सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीत फटाके वाजवण्यासाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवली, फटाक्यांच्या लांब माळांवर आणि बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली आणि कमी प्रदूषण करणाऱ्या हरित फटाक्यांनाच वाट ठेवली. हे हरित फटाके नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केले आहेत. आवाजाची मर्यादा फटाका फुटतो तिथून चार मीटर अंतरावर १२५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचे शंभर मीटर शांतता क्षेत्रात येतात. त्या त्या वर्षी पोलीस आणि महापालिका यांचे आदेश निघतात. ते पाहूनच वेळ आणि जागा ठरवावी.

विक्रीच्या तात्पुरत्या दुकानांना २००८ चे स्फोटक नियम लागू आहेत. दुकान न जळणाऱ्या साहित्याचे असावे, दोन दुकानांत किमान तीन मीटर अंतर असावे, ती समोरासमोर तोंड करून नसावीत, आत उघडी ज्योत नसावी आणि एका ठिकाणी पन्नासपेक्षा जास्त दुकाने नसावीत. रस्त्याकडेला खाट टाकून किंवा निवासी इमारतीच्या तळमजल्यावर चालणाऱ्या विनापरवाना विक्रीतून माल घेऊ नये.

घरात आणलेले फटाके झाकणाच्या डब्यात, स्वयंपाकघर आणि देव्हारा यांपासून लांब, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत. दमट फटाके तव्यावर, शेगडीजवळ किंवा इस्त्रीने वाळवण्याचा प्रकार जिवावर बेततो. खिशात फटाके ठेवू नयेत. उडवताना मोकळे मैदान हवे, सोबत मोठे माणूस, दोन बादल्या पाणी आणि एक बादली वाळू हवी. हातात लांब उदबत्ती धरून, तोंड बाजूला ठेवून, हात लांब करून वात पेटवावी आणि लगेच मागे यावे. पायात बंद चप्पल किंवा बूट असावेत. हाताला सॅनिटायझर लावले असेल, तर ते पूर्ण वाळल्याशिवाय ज्योतीजवळ जाऊ नये.

फुलबाजी सर्वांत निरुपद्रवी समजून अगदी लहान मुलांच्या हाती दिली जाते. तिच्या जळत्या टोकाचे तापमान हजार अंशांच्या घरात असते. विझल्यावरही तार तापलेली राहते आणि अंगणात अनवाणी फिरणाऱ्या मुलाचा पाय तिच्यावर पडतो. विझलेली प्रत्येक फुलबाजी पाण्याच्या बादलीत टाकावी. कडेवर बाळ असताना फुलबाजी धरू नये. भुईनळा कधी कधी उडण्याऐवजी फुटतो, म्हणून त्याच्यावर वाकून वात पेटवू नये. सुतळी बॉम्बवर डबा, करवंटी किंवा बाटली उपडी घालू नये. त्यांच्या चिरफळ्या डोळ्यांत जातात. बाण जाड तळाच्या बाटलीत उभा करावा आणि वर तारा, झाडे, गॅलऱ्या नाहीत, हे आधी पाहावे. न वाजलेल्या फटाक्याकडे लगेच जाऊ नये. बराच वेळ थांबून लांबून पाणी ओतावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुले अंगणातले फुसके लवंगी फटाके गोळा करतात, सोलून त्यातली दारू कागदावर काढतात आणि काडी लावतात. ही दारू फुटत नाही; एकदम भडका घेऊन हात, चेहरा आणि पापण्या भाजते. म्हणून फटाके संपले की त्याच रात्री जमीन झाडून सगळा कचरा पाण्यात भिजवावा, आणि मुलांना हा खेळ का नको, ते उघड सांगावे.

खळे, गंजी आणि गोठा

गावाकडे दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या सुड्या शेतात लागलेल्या असतात, कडब्याच्या गंज्या घरालगत रचलेल्या असतात आणि गोठ्याच्या छपरावर पाचट असते. त्यावर एक बाण पडला, तर वर्षाचे पीक आणि चारा दोन्ही जातात. गंज्या घरापासून आणि एकमेकींपासून दूर रचाव्यात, भोवती काही फूट जमीन गवत काढून मोकळी ठेवावी आणि विजेच्या तारांखाली गंजी लावू नये. फटाके वाऱ्याने ठिणग्या गंजी-गोठ्याकडे येणार नाहीत अशा बाजूला, वस्तीपासून दूर उडवावेत. गोठ्यातल्या जनावरांचे दावे पटकन सुटेल अशा गाठीचे असावे. पाण्याचा टँकर कोणाकडे आहे, कोणत्या विहिरीवरचा पंप लगेच चालू होतो, याची गावाने आधीच नोंद ठेवावी, कारण तालुक्याचा बंब अंतरावरून येतो.

इमारत आणि जिना

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ लागू आहे. या कायद्याने अग्निसुरक्षेची यंत्रणा बसवून ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून ती तपासून घेऊन प्रमाणपत्र द्यायचे असते. म्हणजे ही जबाबदारी सोसायटीच्या कार्यकारिणीची आहे आणि सभासदांनी तिचा हिशोब मागितला पाहिजे : पंप चालतो का, टाकीत पाणी आहे का, होज रीलची नळी जागेवर आहे का, की पितळी नोझल चोरीला गेले आहे.

जिना ही बाहेर पडण्याची वाट आहे. चपलांचे रॅक, सायकली, कुंड्या, जुने कपाट आणि सणासाठी आणलेल्या खुर्च्या तिथे ठेवू नयेत. आगरोधक दरवाजे वीट लावून उघडे ठेवले, तर धूर सरळ जिन्यात शिरतो. मीटर रूम आणि विजेचे डक्ट रद्दी ठेवण्यासाठी नाहीत. डक्टमधून आग मजले ओलांडत जाते. उंच इमारतींतला रिफ्यूज एरिया रहिवाशांनी आगीत थांबण्याची जागा आहे. तिथे मंडप घालू नये की कुलूप लावू नये. खिडकीच्या बॉक्स ग्रिलला उघडता येणारी झडप असावी आणि तिची किल्ली त्याच खोलीत टांगलेली असावी. बंब, शिडी आणि टँकर आत येऊन वळतील इतका रस्ता सणाच्या रात्रीही रिकामा हवा. काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला ९ मे २०१५ रोजी आग लागली आणि इमारत कोसळली. त्या दुर्घटनेत मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांनी प्राण गमावले. दाट वस्तीतल्या जुन्या इमारतीत आग विझवणे किती जिकिरीचे असते, ते त्यातून दिसले.

आग लागलीच तर

पहिले काम ओरडून सगळ्यांना जागे करण्याचे. दुसरे, मेन स्विच आणि गॅस सहज बंद होत असतील तर ते करण्याचे. तिसरे, १०१ किंवा ११२ ला फोन करण्याचे. फोनवर पूर्ण पत्ता, जवळची ठळक खूण, मजला, काय पेटले आहे, कोणी अडकले आहे का आणि सिलिंडर किंवा फटाके घरात आहेत का, एवढे सांगावे. समोरच्याने सांगेपर्यंत फोन ठेवू नये. एकाच नावाच्या अनेक सोसायट्या असतात, म्हणून खूण महत्त्वाची. एका माणसाने फाटकावर जाऊन बंबाला वाट दाखवावी.

आग गुडघ्याइतकी असेल, पाठीमागे बाहेरची वाट मोकळी असेल आणि हातात योग्य साधन असेल, तरच ती विझवायला थांबावे. घरात ठेवायला एबीसी पावडरचे अग्निशामक उपकरण सोयीचे आहे. दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते महिन्याला पाहावे. वापरताना पिन ओढावी, सहा-आठ फुटांवरून नळी ज्वाळेच्या बुडाशी धरावी, दट्ट्या दाबावा आणि नळी डावी-उजवीकडे फिरवावी. लहान उपकरण दहा-पंधरा सेकंदांत रिकामे होते. तेवढ्यात आग विझली नाही, तर मागे फिरावे.

बाहेर पडताना लिफ्ट वापरू नये. धूर वर साचतो, म्हणून खाली वाकून किंवा रांगत जावे. बंद दाराला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करावा. गरम असेल तर ते उघडू नये. निघताना मागचे दार लावून घ्यावे, त्याने आग काही वेळ अडते. जिन्यात धूर भरला असेल, तर घरात परत येऊन दाराच्या फटी ओल्या कपड्याने बंद कराव्यात आणि रस्त्याकडच्या खिडकीतून कापड हलवून लक्ष वेधावे. कपड्यांनी पेट घेतला, तर पळू नये. पळाल्याने हवा मिळते. जागीच थांबावे, तोंड हातांनी झाकावे, जमिनीवर आडवे होऊन लोळावे. जवळच्या माणसाने जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकून ज्वाळा दाबाव्यात. बाहेर पडल्यावर दागिने, पैसे किंवा कागदपत्रे यांसाठी परत आत जाऊ नये.

भाजल्यावर

भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ लावू नये. टूथपेस्ट, तूप, हळद, शाई, कॉफी यांतले काहीही लावू नये; त्यांनी उष्णता आत कोंडते, जंतू जातात आणि डॉक्टरला जखम नीट पाहता येत नाही. सूज येण्याआधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढावे. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये आणि फोड फोडू नयेत. नंतर स्वच्छ सुती कापडाने सैल झाकावे. लहान मुलाला जास्त भाजले असेल, तर जखम गार करताना उरलेले अंग पांघरुणाने गरम ठेवावे. चेहरा, हात, सांधे किंवा जांघ भाजली असेल, तळहातापेक्षा मोठी जखम असेल, विजेने भाजले असेल किंवा धूर छातीत गेला असेल, तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. डोळ्यात राख किंवा दारू गेली तर डोळा स्वच्छ पाण्याने धुवावा. काही रुतले असेल किंवा रक्त येत असेल, तर डोळा चोळू किंवा दाबू नये. कागदी कपाने सैल झाकून नेत्ररुग्णालय गाठावे.

कुटुंबाची तालीम

या सगळ्याला पैसा थोडा लागतो, वेळ मात्र काढावा लागतो. वसुबारसेच्या आधीच्या एखाद्या संध्याकाळी कुटुंबाने घरभर फिरावे. मेन स्विच आणि रेग्युलेटर कुठे आहेत, ते दहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला दाखवावे आणि बंद करून बघायला सांगावे. बाहेर पडण्याच्या दोन वाटा ठरवाव्यात आणि खाली कुठे जमायचे, ती जागा नक्की करावी, म्हणजे कोण राहिले ते लगेच कळते. अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांना कोणी उचलायचे आणि तान्ह्याला कोणी घ्यायचे, हे नावानिशी ठरवावे. सोसायटीने जवळच्या अग्निशमन केंद्राला विनंती करून प्रात्यक्षिक मागावे.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी फोर्ट स्टिकीन या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकत्र भरलेली असताना आग लागून महास्फोट झाला. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन असतो आणि २० एप्रिलपर्यंत सप्ताह पाळला जातो. दलाची प्रात्यक्षिके त्या आठवड्यात ठिकठिकाणी होतात. घरातल्या साधनांची आणि वाटांची दुसरी वार्षिक तपासणी त्याच आठवड्यात करावी. म्हणजे दिवाळीपूर्वीची पहिली आणि उन्हाळ्यातली ही दुसरी मिळून वर्षभराची काळजी पुरी होते.